एकदम सिंपल साखरपुडा

बसा की, उभ्या का सगळ्या? चहा उकळाय लागलाय. सांगते, पण एक आधी कबूल करा, माझ्या तोंडावर हसायचं न्हाई. माघारी खुशाल हसा. माघारी आमचं अख्खं बावडं हसतंय, त्यात तुमची भर पडली म्हणून माझं काय जातंय? पण माझ्या हातनं जो राडा झाला तो दुसऱ्याच्या तोंडनं मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडनं ऐका. मसाला मी पण लावणार हाय. पण माझा घरचा हाय.

तर सगळा दोष एका इंग्रजी शब्दाचा. सिंपल!

आता तुम्हाला वाटंल, शालनवहिनी ब्लाऊज शिवणारी बाई, तिला इंग्रजीशी काय देणंघेणं? अहो, प्राजू पाळण्यात होती तेव्हापासनं मी मशीनवर बसलेय आणि तेव्हापासनं हा एकच इंग्रजी शब्द ऐकतेय. बाई येते, खुर्चीत बसते, पदरानं वारा घेते आणि म्हणते, "वहिनी, मला बाई जास्त काय नको. एकदम सिंपल शिवा."

"सिंपल म्हणजे कसा?" मी विचारते.

झालं! पर्समधनं मोबाईल निघतो. मोबाईलमधनं फोटो निघतो. पाठीवर मोर. मोराच्या डोळ्यात खडा. बाह्यांना जाळी, जाळीला मोती, नाडीला लटकन, लटकनला घुंगरू. ही बाई ब्लाऊज घालून निघाली तर गल्लीला वाटंल बेंदराच्या सणाचा बैल निघाला.

"हे सिंपल?"

"व्हय की! माझ्या जाऊबाईचा बघितला न्हाईसा तुम्ही."

तेव्हा मला कळलं, सिंपल म्हणजे जावेपेक्षा एक मोर कमी.

आणि हे ब्लाऊजपुरतं असतं तर मी काय बोलले नसते. पण सगळीकडं तेच की! डॉक्टर म्हणाले, "सिंपल ऑपरेशन आहे," की समजायचं, गावाकडच्या माणसांना फोन करून बोलवून घ्यावं. पुढारी गल्लीत येतो, पुढं गाड्या, मागं गाड्या, मधी साहेब, आणि कार्यकर्ता माझ्या कानात सांगतो, "वहिनी, साहेब म्हणजे लई सिंपल माणूस!" लग्न जमवणाऱ्यांचं तर विचारूच नका. मुलगी सिंपल म्हणजे फोटो मागू नका. मुलगा सिंपल म्हणजे नोकरी विचारू नका. माणसं सिंपल म्हणजे जमीन विचारू नका! मोबाईलच्या दुकानातलं पोरगं आमच्या मालकांना म्हणालं, "काका, सेटिंग लई सिंपल हाय." त्या दिवसापासनं आमच्या मालकांचा फोन कन्नडमध्ये चाललाय.

मी एकदाच त्या शब्दावर विश्वास ठेवला. माझी नणंद, आक्का, कागलची. तिच्या नातवाचं बारसं होतं. फोनवर म्हणाली, "अगं शालन, एकदम सिंपल हाय. घरच्या घरी." मी भाबडी! अंगावरच्या साडीवर गेले. गळ्यात टेप तसाच. जाऊन बघते तर हॉल, स्टेज, फुग्यांची कमान, आणि पाळणा वरनं खाली येणार, धुरातनं! सगळ्या बायका शालूत आणि मी टेपात. त्या बारशाचा व्हिडिओ लागला की आक्काच्या सुना अजून विचारतात, ही फुग्यांच्या गॅसच्या टाकीपाशी उभी हाय ती कोण?

तेव्हाच ठरवलं. शालन, पुन्हा कुणी सिंपल म्हणालं तर मनात उलटा अर्थ धरायचा. आणि मी धरला की! जिथं धरायचा न्हवता नेमकी तिथं धरला.

प्राजक्ता, आमची एकुलती एक. पुण्यात नोकरीला. तिथंच तिच्या ऑफिसात ओंकार गावडे, चंदगडचा. पोरगं गुणी, आम्हाला पसंत. पण त्याच्या आईवडिलांचं मन काय तयार होत न्हवतं. का? तर म्हणे कोल्हापूरची माणसं लई थाटाची, लई मोठ्या आवाजाची, आपल्याला झेपायची न्हाईत. दोन वर्षं प्राजूनं आणि ओंकारनं त्यांना समजावलं. शेवटी ती माणसं साखरपुड्याला तयार झाली, पण आधी घर बघू, माणसं बघू, मग सुपारी फोडू, अशी अट ठेवून.

आमचे मालक एकदा चंदगडला जाऊन गावडे पावण्यांना भेटून आलते. विहीणबाई तेव्हा त्यांच्या बहिणीकडं बेळगावला होत्या. मला लग्नसराईच्या ब्लाऊजातनं मान वर काढता येईना, म्हणून मी गेलेच न्हाई. एकदा व्हिडिओ कॉल लावला होता, पण तिकडं धो धो पाऊस, रेंजचा पत्ता न्हाई. मला विहीणबाईंचा नुसता कान दिसला. कान चांगला होता.

साखरपुडा ठरला तसा व्याह्यांचा फोन आला. एकदम हळू, गोड आवाज. "वहिनी, आमचं काही नाही. एकदम सिंपल करायचं. आम्ही घरचीच माणसं येतो. जेवणाचाही घोळ घालू नका."

मी फोन ठेवला आणि आक्काला लावला.

आक्का म्हणाली, "काय म्हणाले?"

"सिंपल करा म्हणाले."

"आई गं!" आक्का किंचाळली. "म्हणजे लई मोठं करायला लागणार!"

"आणि घरचीच माणसं येतो म्हणाले."

"म्हणजे भावकी! चंदगडची भावकी म्हणजे डोंगराच्या ह्या अंगाला आणि त्या अंगाला. गाड्या येणार बघ, गाड्या! मी सांगते, ऐक माझं. हे परीक्षा घेत्यात तुझी."

"आणि जेवणाचा घोळ घालू नका म्हणाले."

आक्का एकदम गंभीर आवाजात म्हणाली, "शालन, बकरं सांग."

मालक म्हणत होते, "अगं, तो माणूस खरंच साधा हाय. वाळका, शांत. मी बघून आलोय. सिंपल म्हणाला म्हणजे सिंपलच."

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं. "तुमचा फोन कुठल्या भाषेत चाललाय ते बघा आधी."

मग काय विचारता! दारात मांडव घातला. घराला रंग दिला, आतनं बाहेरनं. हलगीवाले सांगितले. फेटे बांधणारा सांगितला. आचारी सांगितला, तांबडा-पांढरा रस्सा, मटण, सगळं. गल्लीच्या तोंडाला 'हार्दिक स्वागत' म्हणून डिजिटल बोर्ड लावला. त्यावर आम्ही दोघं, आक्का, आक्काचे मालक, मंडळाची सगळी पोरं आणि वर गोलात वॉर्डातले पुढारी. सगळे बसवता बसवता नवरा-नवरीला जागाच उरली न्हाई. असू दे म्हटलं, ते दोघं एकमेकांना ओळखतात.

प्राजू आदल्या दिवशी पुण्याहून आली आणि मांडवातच मट्कन बसली.

"आई, हे काय आहे? त्यांनी सिंपल सांगितलंय!"

"तुला न्हाई कळायचं."

"अगं, ती माणसं थाटाला घाबरतात. कशीबशी तयार झालीत. हे बघून उठून गेली तर? मग मी काय करू? मी सांगून ठेवते, उद्या हे मोडलं तर मी परत ह्या घरात लग्नाचा विषय काढू देणार नाही."

डोळ्यात पाणी पोरीच्या. पण मी म्हटलं, "बाळ, कमी पडलं म्हणूनच लग्नं मोडतात. जास्त झालं म्हणून कधी कुणाचं मोडलंय?" आक्कानं मान डोलावली. आक्का असली की मला फार धीर येतो, तिथंच घात होतो.

दुसरा दिवस उजाडला. प्राजूला वरच्या खोलीत पार्लरवालीच्या ताब्यात दिलं. पार्लरवाली म्हणाली, "सिंपल मेकअप करते." सकाळी दार लावून घेतलं ते दुपार झाली तरी उघडंना. ओंकार पुण्याहून त्याची गाडी घेऊन परस्पर येणार होता, तो हायवेच्या कामात अडकला. मालकांना मी फाट्यावर पाठवलं, गाड्यांचा ताफा चुकायला नको म्हणून. म्हणजे आता बघा, घरात गावडे पावण्यांचं तोंड ओळखणारं कोण राहिलं? कोण न्हाई!

इकडं आचारी डोक्यावर बसला. "वहिनी, माझी दोन माणसं अजून आली न्हाईत. वाढायचं कुणी?" मी म्हटलं, येतील.

आणि आली की! रणरणत्या उन्हात एक नवराबायको मांडवापाशी येऊन उभी राहिली. त्यांच्या हातात छत्री आणि कापडी पिशवी. बाईंची साधी सुती साडी, बुवांचा पांढरा शर्ट, वाळकी कुडी. आता चंदगडची माणसं छत्रीशिवाय उंबरा ओलांडत न्हाईत, हे मला तेव्हा सुचायला नको? न्हाई सुचलं. माझं लक्ष गाड्यांकडं!

बुवा म्हणाले, "नमस्कार. पाटलांचं घर..."

"हेच, हेच! किती उशीर केलासा? आचारी बोंबलतोय तिकडं. बाई, तुम्ही आत चला, पदर खोचा. आणि पावणं, तुम्ही त्या फेटेवाल्याला हात द्या जरा, त्याचं कापड धरायला माणूस न्हाई."

बाई काहीतरी सांगाय लागल्या. "अहो, आम्ही ओंकारचे..."

तेवढ्यात हलगी कडाडली. हलगीवाल्यांना म्हटलं होतं, हात गरम करून ठेवा. त्यांनी सगळी गल्ली गरम केली. बाईंचे नुसते ओठ हलताना दिसले. मी ओरडून म्हटलं, "सगळं नंतर! आधी कांदा चिरा!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग बुवांकडं बघितलं. बुवांनी छत्री मिटली, फेट्याच्या कापडाचं टोक हातात घेतलं. बाईंनी खरंच पदर खोचला आणि आत गेल्या. मी आक्काला म्हटलं, "बघ, कामाची बाई हाय. तोंडातनं शब्द न्हाई."

आणि मग आल्या गाड्या! एकामागं एक, पांढऱ्या, काळ्या, धूळ उडवत. पुढच्या गाडीतनं एक आडमाप गृहस्थ उतरले. गळ्यात साखळी, बोटात अंगठ्या. मालकांनी व्याही वाळके म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, सुधारले असतील. त्यांची घरची काजूची फॅक्टरी हाय, हाताशी काजू, माणूस किती दिवस वाळका राहील?

"पाटलांच्यात कार्यक्रम हाय तो हाच का?" त्यांनी विचारलं.

"हाच की! या, या, या!"

मी ओवाळलं. आक्कानं ओवाळलं. हलगीवाल्यांनी ताल धरला तसे गाडीतले दोघंतिघं नाचलेसुद्धा. मला आक्कानं कोपर मारलं, "बघितलंस? म्हणे सिंपल!" माझी छाती इतकी फुगली की माझाच ब्लाऊज मला घट्ट झाला.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, एकदा नाव तरी विचारायचंस! कसं विचारणार? आपल्यात पद्धत काय? दारात आला तो पावणा. आधी पाणी, मग ताट, आणि हात धुतल्यावर मग, तुम्ही कुणाचे कोण. ताटावर बसलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारलं तर आपलं नाक राहील का? आणि ती माणसंही कोल्हापूरचीच, वाढलेल्या ताटापुढं चौकशी करत बसायची सवय त्यांना तरी कुठं हाय!

फेटे बांधायला घेतले. एका टोकाला फेटेवाला, दुसऱ्या टोकाला ते वाळके बुवा, मधी कापड ताणलेलं. बुवांनी शेवटचा फेटा होईपर्यंत टोक सोडलं न्हाई. मी जाता जाता त्यांना म्हटलं, "ताणून धरा पावणं, आमच्या व्याह्यांचा फेटा ढिला नको." बुवा म्हणाले, "बरं, वहिनी." आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला. पण थांबायला वेळ कुणाला होता?

फेटे बांधून मंडळी घर बघाय निघाली. आणि काय बघणं ते! भिंतीवर बोटं वाजवून बघितली. नळ सोडून बघितले. संडासाचं दार उघडून आत मान घातली. एक बाई स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर हात फिरवून म्हणाल्या, "घर सिंपल हाय, पण छान हाय." मी म्हटलं, सासरची माणसं बारकाईनं बघणारच. आडमाप गृहस्थ गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, "गळती लागत न्हाई न्हवं?"

"छे हो!"

"पहिल्या पावसात कळंल," ते म्हणाले आणि त्यांनी मला एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं. साखरपुड्याला घड्याळ? म्हटलं, चंदगडची पद्धत असंल.

पण एक मला फार आवडलं. मुलीचं कुणी नावच काढंना. कसली ही मोठ्या मनाची माणसं! आमच्या वेळी मला चालून दाखव, बोलून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, एवढं झालं होतं. आणि ही माणसं नुसती नळ बघून खूश.

पंगत बसली. ती सुती साडीवाली बाई बादली घेऊन वाढत होती. काय हाताला वेग! पण वाढताना जरा बेतानं वाढायची. मी मागनं ओरडले, "अहो बाई, हात आखडू नका! आमच्या व्याह्यांची माणसं हायत ती! जन्माचं नातं जोडायचंय मला, आणि तुम्ही पळीनं मोजताय होय?"

बाई थांबल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बरं हं," आणि आडमाप गृहस्थांच्या ताटात अख्खी पळी ओतली. तोंडावर हसू. मला ते हसू काय कळलं न्हाई, आणि कळून घ्यायला माझ्याकडं सवड पण न्हवती.

जेवणं झाली. पातेली तळाला गेली. गृहस्थांनी हात धुतले, ढेकर दिली, सुपारी तोंडात टाकली. मी पदर सावरून पुढं झाले. म्हटलं, आता मानाचं बोलायला हरकत न्हाई.

"मग, मुलीला बोलवू का?"

"बोलवा की," ते म्हणाले. "मुलं किती तुम्हाला?"

मी हसले. म्हटलं, थट्टेखोर स्वभाव हाय. वर हाक मारली, "प्राजू! ये गं खाली!"

प्राजू आली. पार्लरवालीनं पोरीचं असं काही सिंपल केलं होतं, की क्षणभर मला पण ओळखू आली न्हाई. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. फेटे घातलेल्या सगळ्या तोंडांवरनं तिची नजर फिरली. मग ती सरळ पुढं आली, त्या गृहस्थांच्या शेजारनं गेली, माझ्या शेजारनं गेली, आणि त्या बादलीवाल्या बाईपुढं वाकून पाया पडली.

"आई," ती म्हणाली. माझ्याकडं बघून न्हाई! "आई, तुम्ही कधी आलात? आणि हे हातात काय तुमच्या?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "रस्सा आहे गं. मघाशीच आलो. बाबा ते बघ तिथं, फेट्याच्या कापडाच्या घड्या घालतायत."

हलगी नेमकी तेव्हाच थांबली होती. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

आडमाप गृहस्थांनी सुपारी गिळली. "म्हणजे... ही वास्तुशांती न्हाई?"

खालच्या कॉलनीत दुसऱ्या एका पाटलांचा नवा बंगला झालाय न्हवं, त्यांची वास्तुशांती त्याच दिवशी! ही सगळी पावणेमंडळी तिकडची. आमची हलगी ऐकून आणि स्वागताचा बोर्ड बघून इकडं वळली. तेवढ्यात त्या गृहस्थांचा फोन वाजला. पलीकडनं कुणीतरी एवढ्या मोठ्यानं ओरडत होतं की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "अहो कुठायसा? पंगत खोळंबलीय!" सगळे फेट्यांसकट उठले. गृहस्थ मात्र दारातनं माघारी आले, कानकोंडे झाले, म्हणाले, "वहिनी, राग मानू नका... ते घड्याळ तेवढं..."

मी घड्याळ दिलं. गाड्या गेल्या, खालच्या कॉलनीत पुन्हा जेवायला.

आक्का? आक्का कुठं गेली ते मला आजपर्यंत कळलेलं न्हाई. त्या घटकेला ती मांडवात न्हवती, एवढं खरं.

आणि मी उभी. सगळा जन्म पोरीसाठी मशीन चालवली, आणि तिच्या सासूला मी कांदा चिरायला बसवलं. पळीनं मोजताय होय म्हणाले! प्राजू भिंतीला टेकून रडत होती. डोळ्यातलं काळं गालावर, गालावरचं गुलाबी हनुवटीवर.  

एवढ्यात मालक आले, सोबत ओंकार. मालक दारातनंच ओरडले, "अगं, एक पण गाडी फाट्यावर आली न्हाई!" ओंकारनं आईच्या हातातली बादली बघितली, वडिलांच्या खांद्यावरचं कापड बघितलं आणि तो तिथंच खुर्चीत बसला.

मी पुढं झाले, विहीणबाईंचे पाय धरायला वाकले. म्हटलं, "माझ्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नका. मला काय बोलायचं ते बोला, पण सुपारी फोडूनच जावा."

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. म्हणाल्या, "आधी जेवू या. भूक लागलीय."

जेवायला होतं कुठं? सगळं त्या फेटेवाल्यांनी चाटूनपुसून नेलेलं! मी आचाऱ्याकडं बघितलं, आचाऱ्यानं छताकडं बघितलं.

विहीणबाई म्हणाल्या, "काळजी करू नका. एवढी माणसं आत येताना बघितली, तेव्हाच म्हटलं घरच्यांना काही उरणार नाही. फडताळात एक पातेलं झाकून ठेवलंय मी. म्हणून तर मघाशी बेतानं वाढत होते."

मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात खालीच बसलो. व्याही-विहीणबाईंनी मला वाढू दिलं. ओंकार हसाय लागला तशी प्राजू पण रडता रडता हसाय लागली. जेवण अर्ध्यावर असतानाच व्याह्यांनी सुपारी मागितली, बत्त्यानं तिथंच फोडली, आणि झाला की हो साखरपुडा! हलगी न्हाई, फेटा न्हाई. फेटे संपलेच होते म्हणा.

माझ्या घशाखाली घास उतरला, तसा धीर आला. मी विहीणबाईंना हळूच विचारलं, "एक विचारू का? हलगी मधी मधी थांबत होती, तेव्हा का सांगितलं न्हाईसा? आणि एवढं होऊन उठून कसं गेला न्हाईसा?"

"काय सांगायचं? म्हटलं, बाई कामात आहे. माणसं बघायलाच आलो होतो, तेव्हा बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "यांच्या मनात यायचंच नव्हतं हो. कोल्हापूर म्हटलं की यांच्या छातीत धडधडतं. पण परवा प्राजक्तानं फोनवर अगदी शपथ घेऊन सांगितलं, म्हणून निघालो."

"काय सांगितलं हिनं?"

प्राजूनं ताटात मान घातली.

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणाली, बिनधास्त या, माझी आई एकदम सिंपल आहे."

आणि व्याही, अख्ख्या दिवसात ज्यांच्या तोंडनं दोन वाक्यं निघाली न्हवती, ते भात कालवता कालवता म्हणाले, "आम्ही भाबडी माणसं. आम्हाला खरं वाटलं."